पहिलीच्या वर्गात अळ्या, गांडुळं आणि मिरगाचे किडे: अनुभव आणि एक अडलेला प्रश्न

रुईचं_पान

नमस्कार मंडळी,

सोलापूरच्या पूर्व भागात मी पहिलीच्या वर्गाला शिकवते. अळ्या, गांडुळं, मुंग्या वर्गात आणायच्या आणि पोरांना त्या बघू द्यायच्या, हे बरीच वर्षं चाललंय. इथं प्राथमिकला शिकवणारे पुष्कळ आहेत, घरी लहान मुलं असलेलेही आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते. शेवटी एक प्रश्न आहे, त्यावर खरंच मदत हवीय.

आपल्याकडं पाऊस तोकडा, झाडी बेताची. पण रुई कुठंही सापडते. रेल्वे रुळाच्या कडेला, मोकळ्या प्लॉटवर, शाळेच्या कंपाउंडला चिकटून. शनिवारी मारुतीला रुईच्या पानांचा हार घालतात, त्यामुळं पोरांना झाड ओळखीचं. पानाची मागची बाजू बघितली की टाचणीच्या डोक्याएवढं पांढुरकं अंडं मिळतं, प्लेन टायगर या केशरी फुलपाखराचं. तीन-चार दिवसांत अळी बाहेर येते, दोनेक आठवडे नुसती खाते, मग कोष करते आणि साधारण आठ-दहा दिवसांत फुलपाखरू. महिन्याभरात सगळं पोरांच्या डोळ्यांदेखत. साहित्य काय, तर रुंद तोंडाची बरणी, तिला मच्छरदाणीचा तुकडा, खाली वर्तमानपत्र आणि रोज एक ताजं पान.

माझा एकच नियम आहे. पहिले काही दिवस मी काही सांगत नाही. नावही नाही. "काय दिसतंय?" एवढंच विचारायचं आणि प्रत्येकानं चित्र काढायचं. चित्र काढायचं म्हटलं की पोरगं पुन्हा उठून बरणीपाशी जातं. काळे पट्टे किती, पिवळे ठिपके पट्ट्याच्या आत की बाहेर, पाठीवरची ती काळी शिंगं दोन की सहा, हे नुसतं बघून लक्षात राहत नाही. आधी सगळ्यांच्या वहीत एकच अळी असते, लांबोडी, हसरी, टीव्हीतली. आठवड्याभरात ती हसणारी अळी वहीतून जाते आणि बरणीतली येते. मला त्या वह्या फार मोलाच्या वाटतात.

एक उदाहरण देते. फुलपाखरू बाहेर आलं तेव्हा एका मुलीनं पाय मोजले आणि म्हणाली, "मॅडम, चार हायेत." बाकीच्यांनीही मोजले. चारच. तेवढ्यात थोरल्या बहिणीचं पुस्तक वाचून आलेला एक जण म्हणाला, कीटकाला सहा पाय असतात, पुस्तकात लिहिलंय. वर्गात दोन तट पडले. मी कुणाचीच बाजू घेतली नाही, भिंग दिलं. बराच वेळ बघून त्यांनीच शोधलं की डोक्याखाली, छातीशी दुमडलेले आणखी दोन बारीक पाय आहेत. ते टेकवतच नाही ते. म्हणजे मोजणारीचंही बरोबर आणि पुस्तकाचंही. मी आधीच "सहा" म्हणाले असते, तर ती मुलगी गप्प बसली असती आणि ते दोन पाय कुणालाच दिसले नसते.

आता प्रश्न. यंदा दोन बरण्यांमधले कोष काळपट पडले. फुलपाखरू आलंच नाही. एका बरणीत तळाशी पांढरी अळी वळवळताना दिसली, मग तिचा तपकिरी दाणा झाला, आणि काही दिवसांनी त्यातून चक्क माशी निघाली. पोरं सुन्न. एक जण रडायला लागला, कारण त्या अळीला तो रोज पान घालायचा. "माशीनं आपलं फुलपाखरू खाल्लं का?" असं सरळ विचारलंय त्यांनी. सहकारी म्हणतात, असल्या बरण्या गुपचूप बाजूला करत जा, सहा वर्षांच्या पोरांना हे कशाला. माझं मन होत नाही. पण सांगायचं कसं, तेही कळत नाही. तुम्ही काय केलं असतं?

साखरपेठकर

छान लिहिलंय ताई. माझी मुलगी सिनियर केजीला आहे, तिच्या शाळेत बीन्स भिजवून मोड आणण्यापलीकडं काही होत नाही.

एक पालक म्हणून काळजी सांगतो. रुईचा चीक फार वाईट. आमच्या गल्लीत एकाच्या डोळ्यात उडाला होता, डॉक्टरांकडं न्यावं लागलं. पोरांना पानं तोडू देऊ नका.

रुईचं_पान

@साखरपेठकर, अगदी बरोबर, हे वरच लिहायला हवं. पानं मीच तोडते, देठाचा चीक गळू देते, पुसते आणि मगच बरणीत. पोरांनी रुईला हात लावायचा नाही. चुकून डोळ्यात गेलाच तर चोळायचं नाही, लगेच भरपूर स्वच्छ पाण्यानं धुवायचं आणि दवाखाना गाठायचा. ज्यांना एवढी जोखीम नको, त्यांनी कडीपत्ता किंवा कागदी लिंबाच्या झाडावरची अळी घ्यावी. ती लहान असताना पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते आणि मोठी झाली की हिरवीगार. डिवचलं की डोक्यामागून नारिंगी दुहेरी शिंग बाहेर काढते, वासही येतो. पोरांना ते बघायला प्रचंड आवडतं, पण मी दिवसातून एकदाच, तेही मीच, काडीनं हळूच. तिला उगाच त्रास नको.

एकरुख

मॅडम, मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवतो. तुमच्या बरणीत झालं ते असं: ती माशी घरमाशी नव्हे. टॅकिनिड म्हणतात त्या कुळातली, अंगावर राठ केस असलेली. ती जिवंत अळीच्या अंगावर अंडं घालते. तिची पिल्लं अळीच्या आत शिरतात आणि आतूनच खात वाढतात. अळी मात्र बराच काळ खात राहते, कधी कधी कोषही करते. मग माशीची अळी बाहेर पडून मातीत जाते आणि तिचा तो तपकिरी दाणा होतो. म्हणजे तुम्ही अंडं न आणता झाडावरची मोठी अळी आणली असणार. अंड्यापासून वर्गात वाढवलेल्या अळ्यांना हे सहसा होत नाही, कारण माशीला त्यांच्यापर्यंत पोचताच येत नाही.

आता यातच तुमच्या पोरांसाठी प्रयोग आहे. अर्ध्या बरण्यांत अंडी, अर्ध्यांत झाडावरून आणलेल्या मोठ्या अळ्या. कुठून किती फुलपाखरं आली, कुठून माशा आल्या, याच्या फळ्यावर रेघा मारत जा. पहिलीच्या पोराला रेघा मोजता येतात. माशी कधी शिरली, हे त्यांचं तेच शोधतील.

पायांबद्दल: फुलपाखरांच्या या कुळात पुढची जोडी आखूड असते, चालायला वापरत नाहीत. त्या मुलीला माझा नमस्कार सांगा. आमच्या पहिल्या वर्षाची मुलं नमुना समोर असूनही सहाच लिहितात, कारण त्यांना सहा पाठ असतात.

सरळ_विचार

सगळं खरं, पण मी केंद्रातल्या शाळांमधून फिरतो, तिसरीतल्या पोरांना ओळ वाचता येत नाही. केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान २०२१ मध्ये सुरू झालं, तिसरीपर्यंत प्रत्येकाला वाचता यावं, हिशेब यावा, २०२६-२७ पर्यंत, असं उद्दिष्ट आहे. शिक्षकाकडं वेळ किती असतो? आधी अक्षर, मग अळी, असं माझं स्पष्ट मत. महिनाभर बरण्या सांभाळणं हे हौशी शिक्षकालाच जमेल.

रुईचं_पान

@सरळ_विचार सर, तुमची काळजी माझीही आहे. माझ्या वर्गात निम्म्यांच्या घरी तेलुगू, काहींच्या कन्नड. जूनमध्ये ती माझ्याशी मराठीत दोन वाक्यं बोलत नाहीत. बरणीपुढं मात्र बोलतात. "हे बगा, कात टाकलालंय" हे वाक्य ज्या पोरानं माझ्याकडं पळत येऊन सांगितलं, ते तोवर वर्गात तोंड उघडत नव्हतं. चित्राखाली आधी ते सांगेल ते मी लिहायचे, मग त्यातला एक शब्द ते लिहायला लागलं, मग ओळ. 'अळीने आज खाल्लं नाही' हे त्यानं स्वतः लिहिलेलं पहिलं वाक्य. अळी कात टाकण्याआधी खायचं थांबवते, हे त्याला माझ्याआधी कळलं होतं. अक्षर मागं ठेवून मी अळी आणत नाही. लिहिण्यासारखं काहीतरी पोराकडं असावं, म्हणून आणते.

वेळ म्हणाल तर हजेरी झाल्यावर दहा मिनिटं. बाकी पोरं मधल्या सुट्टीत आपापली बघतात.

सरळ_विचार

ते वाक्याचं पटलं. चित्राच्या वह्यांची दोन-चार पानं नावं झाकून इथं टाकता आली तर शिक्षण परिषदेत दाखवीन.

माळरान

नान्नजकडचा आहे, माळढोकाच्या माळावर वाढलो. बरणीसुद्धा लागत नाही ओ. शाळेच्या व्हरांड्याच्या कडेला, पत्र्याखाली जिथं पाऊस पोचत नाही, तिथं भुसभुशीत मातीत छोटे गोल खड्डे असतात बघा, वर रुंद, खाली निमुळते. प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी एक किडा मातीत दडून बसलेला. मुंगी कडेवरून घसरली की तो खालून माती उडवतो, मुंगी आणखी घसरते आणि त्याच्या जबड्यात. आम्ही लहानपणी गवताची काडी फिरवून त्याला बाहेर काढायचो. गावोगाव त्याला वेगळं नाव आहे, इंग्रजीत अँटलायन.

तो बशीतल्या कोरड्या मातीत ठेवा आणि नुसतं बघायला सांगा. पोरं पहिली गोष्ट काय सांगतील, तर हे उलटं चालतंय. खरंच तो मागं मागंच चालतो, गोल गोल फिरत खड्डा करतो. मोठा झाला की चतुरासारखा लांब पंखांचा, नाजूक, रात्री दिव्याला येणारा. हा तोच, हे सांगून पटत नाही कुणाला. उन्हाळ्यातही सापडतो, शाळा सुरू व्हायच्या आधीपासून असतो. मार्च-एप्रिलमध्ये जेव्हा दुसरं काहीच हाती लागत नाही तेव्हा हा आहे.

आणि मिरगाचा किडा विसरू नका. शाळा उघडते त्याच सुमारास पहिला पाऊस पडला की काळ्या रानात लाल मखमली किडे. पाय मोजायला लावा. आठ भरतात. म्हणजे तो कीटक नव्हेच, कोळ्या-विंचवांच्या गणगोतातला. बघून झालं की होता तिथंच सोडायचा. कुणी औषधाला गोळा करतात, ते पोरांनी शिकू नये असं मला मनापासून वाटतं.

सुमनअक्का

मी बालवाडी चालवली, आता निवृत्त आहे. रुईचं_पान, तुझं 'आधी सांगायचं नाही' वाचून फार बरं वाटलं. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढं १९५७ मध्ये ते कोसबाडला गेलं, अनुताई वाघ सोबत होत्याच. महागडी साधनं खेड्यात कुठून आणायची म्हणून त्यांनी शंख, शिंपले, पानं, बिया, खडे हेच साधन केलं. आमच्या प्रशिक्षणात हे ऐकलं आणि मी आयुष्यभर त्याच वाटेनं गेले.

गांडुळाचं सांगते. आपल्याकडं पावसातच सापडतं, एरवी गांडूळखताच्या खड्ड्यातून मागून आणायचं. ओल्या फडक्यावर ठेवायचं, कोरडं पडलं तर त्याला श्वास घेता येत नाही, ते कातडीनं श्वास घेतं. हात ओले करूनच धरायचं. मग कोऱ्या कागदावर ठेवून सगळ्यांना एकदम गप्प करायचं. खरखर ऐकू येते. त्याच्या अंगावरचे बारीक राठ केस कागदाला घासतात त्याची. पंचवीस पोरं श्वास रोखून गांडूळ ऐकतायत, असं मी कितीदा बघितलंय. डार्विननं म्हातारपणी गांडुळांवर आख्खं पुस्तक लिहिलं, १८८१ मध्ये. पियानोजवळ कुंड्या ठेवून बघितलं, आवाजानं ती हलली नाहीत. कुंडी पियानोवरच ठेवून सूर वाजवला तेव्हा मात्र बिळात पळाली. आपण वर्गात ताट उपडं घालून त्यावर ओली माती ठेवून हेच करू शकतो, हळू टिचकी मारायची.

तुझ्या प्रश्नाबद्दल. लपवू नकोस. पोरांनी घरात मांजरानं पकडलेला उंदीर बघितलेला असतो, कुणाचे आजोबा गेलेले असतात. त्यांना मरण नवीन नाही. मोठी माणसं त्याबद्दल बोलत नाहीत, हे मात्र त्यांना जाणवतं. जो रडला त्याला जवळ घेऊन बस, तो ज्या अळीला पान घालायचा तिचं चित्र त्याच्याकडून काढून घे. आणि माशीला वाईट ठरवू नकोस. तिलाही पिल्लं आहेत.

जुळे_सोलापूर

गोगलगायीचं कुणी बोललंच नाही. काचेवर चालवून खालून बघायला लावा, पोटाच्या लाटा दिसतात. गाजर घातलं की शी केशरी, पालक घातला की हिरवी. माझा मुलगा यावर आठवडा काढू शकतो. फक्त मोठ्या आफ्रिकन गोगलगायी घेऊ नका. २०२२ मध्ये लातूर-बीडकडं सोयाबीनची वाट लावली होती त्यांनी, शिवाय त्यांच्यामुळं माणसालाही आजार होऊ शकतो. छोट्या घ्या, हातमोजे घाला, नंतर साबणानं हात धुवा.

आणि शाळेत कासव किंवा पोपट पिंजऱ्यात ठेवणाऱ्यांनी जरा थांबा. आपले पोपट आणि चांदणी कासव पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. 'निसर्ग कोपरा' अशी पाटी लावून हे ठेवलेलं मी सोलापुरात पाहिलंय, वाईट वाटतं.

तुतीची_शेती

पहिल्यांदाच लिहितोय. मोहोळ तालुक्यात रेशीम करतो. मॅडमचा माशीचा प्रश्न वाचून राहवलं नाही. आमची सगळ्यात मोठी दुश्मन तीच हाय. उझी माशी म्हणतो आम्ही. तुमच्या बरणीतल्या माशीचीच भावकी. रेशीमकिड्याच्या अंगावर अंडं घालती, आत शिरली की तिथं काळा डाग पडतो. सकाळी पाला टाकताना आम्ही डागच बघत फिरतो. म्हणून शेडला सगळीकडून जाळी असती. तुमच्या पोरांना अळीच्या अंगावर डाग शोधायला लावा, कोष व्हायच्या आधीच त्यांना कळंल. शेतकऱ्याचं पोरगं हे दहाव्या वर्षी शिकतं, मग शहरातल्या पोराला का नाही दाखवायचं?

दुसरं, वर्गात रेशीमकिडे ठेवा. चावत नाहीत, पळत नाहीत, चीक नाही. तुतीचा पाला सोडून काही खात नाहीत. चार वेळा कात टाकतात, शेवटच्या टप्प्यात तर एवढा पाला खातात की पावसासारखा आवाज येतो. मग चंद्रिकेवर, म्हणजे कोष करायला ठेवलेल्या चौकटीवर, चढून कोष करतात. एका कोषात हजार मीटरच्या आसपास एकच सलग धागा. पूर्व भागातली पोरं म्हणजे मागावरच्या घरची, धागा त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळतो. कोषातून पतंग निघाला की उडत नाही, काही खात नाही, अंडी घालून संपतो.

अंडीपुंज घेऊ नका, बारक्या अळ्यांना सांभाळणं अवघड. चॉकी झालेल्या, म्हणजे दोन कात टाकलेल्या अळ्या मी देतो, मूठभर, पैसे नकोत.

रुईचं_पान

@तुतीची_शेती दादा, मला बोलायला सुचत नाही. @एकरुख सर, हो, त्या दोन्ही बरण्यांतल्या अळ्या मोठ्याच आणल्या होत्या. @सुमनअक्का, बरणी बाजूला करत नाही. सोमवारी पोरांना सगळं सरळ सांगते, भिंगानं माशीचे केस दाखवते, आणि पुढच्या खेपेला अंडी एकीकडं आणि मोठ्या अळ्या एकीकडं असं करतो. काळ्या डागाचं काम ज्यानं रडून घेतलं त्यालाच द्यायचं ठरवलंय.

@माळरान, आमच्या व्हरांड्यात तसे खड्डे आहेत, मधल्या सुट्टीत पोरं त्यावरूनच पळतात. उद्या बघते.

दादा, एक विचारायचं राहिलं. कोणत्या महिन्यात घ्यायच्या? आणि वर्गात काय सांभाळायचं?

तुतीची_शेती

दिवाळीच्या आसपासची बॅच बरी, हवा थंड असती. मार्चनंतर सोलापूरच्या उन्हात पत्र्याच्या वर्गात नको, किड्याला पंचवीस-सव्वीस अंश मानवतं. ओला पाला घालायचा नाही, पाला फडक्यात गुंडाळून माठाजवळ ठेवायचा. वर्गात डासांची अगरबत्ती, फवारा, काही नको.

आणि तंबाखू. हे सगळ्यात म्हत्त्वाचं. तंबाखूचा हात पाल्याला लागला तरी किडे मरतात. आम्ही शेडमध्ये तंबाखू खाणाऱ्याला येऊच देत नाही.

रुईचं_पान

बरं झालं सांगितलंत. माझ्या वर्गात बऱ्याच जणांच्या आया घरी विड्या वळतात, पोरंही हाताखाली बसतात. पाला घालायच्या आधी प्रत्येकाचे हात साबणानं धुवून घेईन. आयांना एकदा वर्गात बोलवून किडे दाखवेन, म्हणजे त्या घरूनच धुवून पाठवतील. दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच घेते. कुठं यायचं ते व्यक्तिगत निरोपात कळवा, रविवारी मोहोळला येऊन डबा घेऊन जाते. तुमची शेडही बघायची आहे.